राजाबरोबर चांद्यात

नाताळच्या सुट्टीत आठवडाभर चांद्याला राहून आलो, असं सांगितलं की वरोऱ्याचे माझे नातेवाईक हसतात. सुट्टीत माणूस नागपूरला जातो, फार तर पचमढीला. चांद्याला जातो तो कचेरीत, कोर्टात, नाही तर चैत्रात महाकालीच्या जत्रेला. पण हे हसणारे लोक रेल्वेच्या कडेला राहतात. मी पाच वर्षं वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीहूनही पुढे, साग-बांबूच्या रानातल्या एका चार वर्गांच्या शाळेवर मास्तर आहे. तिथे वर्तमानपत्र येतं ते गुळाच्या पुड्याभोवती गुंडाळून. अशा माणसाला चांदा म्हणजे काय वाटतं, ते वरोऱ्यात बसून कळायचं नाही. ज्यांनी ते शहर पाहिलं नाही त्यांच्यासाठी, आणि पाहून ज्यांनी नाक मुरडलं त्यांच्यासाठीही, हे लिहितो आहे.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

निघण्याआधी

आमच्याकडे पौषात शंकरपट भरतो. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांचे लोक बंड्या जुंपून येतात, आणि शर्यतीत कोणाची जोडी जिंकली हे विसरतील, पण नाटक कोणत्या गावाचं पडलं हे दहा वर्षं विसरत नाहीत. गेल्या वर्षी आमचं पडलं.

राजाचं काम डोमाभाऊ करतात. अठरा वर्षं तेच करत आले. धानाची तीन एकर शेती, साठीच्या आसपास वय, अंगाने काटक, आणि अक्षरओळख अजिबात नाही. मी वाक्यं वाचून दाखवली की ते समोर बसून ऐकतात आणि दोनदा ऐकलं की मुखोद्गत. नाटकात मी विंगेत उभा राहून पुढची वाक्यं सांगतो. गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात राजाने मुलाला शिक्षा सुनावायची, तर डोमाभाऊ सिंहासनावर बसून राहिले, गप्प. मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने सांगितलं की पहिल्या रांगेतल्या पोरांनी ते ऐकून म्हटलं. मग हशा पिकला. शेवटी प्रधान झालेल्या पुंडलिकाने ते वाक्य स्वतःच म्हणून टाकलं आणि पडदा पाडला.

यंदा दिवाळीनंतर शाळेच्या अंगणात बैठक झाली. आमच्या मंडळीचा एक रिवाज आहे: ज्याच्या कामाबद्दल बोलणं असेल त्याने बैठकीत बसायचं नाही. दूर, पण दिसेल असं बसायचं. म्हणजे त्याचा अपमानही नाही आणि लोकांना तोंड उघडायला संकोचही नाही. डोमाभाऊ विहिरीजवळ, चाळीसएक पावलांवर, अंबाडीचा दोर वळत बसले होते. बैठकीत ठरलं की म्हाताऱ्याची आठवण गेली, राजा यंदा पुंडलिकाने करावा. हे डोमाभाऊंना सांगणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चांद्याला नवं नाटक आणायला जाणारच होतो. सोमा पाटील म्हणाले, "गुरुजी, त्याले संगं घेऊन जा. महाकालीचं दर्शन करून द्या, सिनेमा दाखवा, अन् तिथीच सांगा. गावात सांगसान त त्याले लय लागन."

मी हो म्हणालो. पुढेही काही बोललो, ते त्या वेळी मला विशेष वाटलं नाही.

वैनगंगा, मूल, चांदा

वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं आणि वाळूवर टरबुजांच्या वाड्या घालायला लोक बसलेले असतात. मूलला भातगिरण्यांचा कोंडा हवेत इतका की चहाच्या कपावरही त्याचा तवंग. तिथून चांद्याची छोटी आगगाडी. तिला घाई नसते. केळझरच्या रानात ती इतकी हळू चालते की एक जण उतरून, बोरं वेचून परत चढला, हे मी स्वतः पाहिलं.

डोमाभाऊ माझ्या शेजारी बसेनात. "समोर बसतो जी, तुमचं तोंड दिसते," म्हणाले. मला ते मायेचं वाटलं आणि त्यामुळे आणखीच अवघड झालं. ज्या माणसाला आठवड्यात कधीतरी 'तुमचं राजेपण गेलं' म्हणून सांगायचं आहे, तो गुडघ्याला गुडघा लावून आपल्याकडे प्रसन्न मुद्रेने बघत बसला आहे, हा प्रवास सुखाचा कसा होणार?

चांद्याचा परकोट पाहिला की मला दर वेळी थोडं दबल्यासारखं होतं. गोंड राजांनी बांधलेल्या त्या भिंती आणि दरवाज्यांवरचे ते सिंह. त्या दरवाज्याखालून आता कोळशाच्या मोटारी, सायकली, बांबूचे भारे घेतलेल्या बायका, सगळे एकमेकांना ढकलत जातात. डोमाभाऊ जटपुरा दरवाज्याखाली थांबले आणि वर बघून म्हणाले, "राजा गेला, दरवाजा राह्यला." मी खाली बघून धोतराचा सोगा नीट करत राहिलो.

देवळाजवळच्या एका धर्मशाळेत खोली मिळाली.

गोल बाजार

सोमवारी सकाळी पुस्तकांच्या दुकानात. दुकान दहा फूट लांब, चार फूट रुंद. मालक चष्म्यावरून बघणारे, तुटक बोलणारे गृहस्थ. मी त्यांना लेखकांची नावं सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"पुरुष किती, बायका किती, ते सांगा."

"पुरुष अकरा. बाई एक."

"एकच?"

"मिशी काढायला एकच जण तयार आहे. खुशाल शिंपी."

त्यांनी मुळीच न हसता मागच्या फळीकडे हात नेला. त्यांची सगळी नाटकं तशीच लावलेली होती: एक बाई, दोन बाया, तीन बाया. सगळ्यात खाली, धूळ खात, पाच बायांची. मी वरोऱ्यात आणि नागपुरात पुस्तकांची दुकानं पाहिली आहेत, पण गिऱ्हाइकाची अडचण इतकी ओळखणारं दुसरं पाहिलं नाही. 'एक बाई'च्या फळीवर अठ्ठावीस नाटकं होती.

मला वाटलं होतं मी अर्ध्या तासात एक निवडीन. पण डोमाभाऊ खाली सतरंजीवर बसले आणि मालकांना म्हणाले, "राजाचं काम वाचून दाखवा जी. माह्याकडे पाहून वाचा." मालक चमत्कारिक नजरेने माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. त्यांनी वाचलं. डोमाभाऊ त्यांच्या चेहऱ्यावरून नजर न काढता ऐकत होते.

"हा नाई. लय लांब बोलते. एवढा दम कोणाले हाये?"

दुसरं. "हा दुसऱ्या अंकातच मरते. नको."

तिसरं. "याच्यात राजा रडते. आमच्या गावात रडणारा राजा चालत नाई."

दुपारपर्यंत सहा नाटकं झाली. मालकांच्या घशाला कोरड पडली, तरी ते वाचत होते. मला वाटतं इतक्या लक्षपूर्वक त्यांचं वाचणं कोणी कधी ऐकलंच नसावं. मी मात्र मनातून चडफडत होतो. जे काम यांना मिळणारच नाही ते निवडण्यात या माणसाचा दिवस चालला आहे, आणि मी शेजारी बसून जुनी मासिकं चाळतो आहे. 'एवढा दम कोणाले हाये' हे वाक्य मी मनात ठेवलं. स्वतःच कबूल करताहेत, म्हटलं, सांगायला सोपं जाईल.

शाळेसाठी नव्या राज्याचा नकाशाही हवा होता. मुंबई राज्यात जाऊन आम्हांला वर्ष उलटलं, पण माझ्या भिंतीवर अजून मध्य प्रदेशच आहे. "नकाशा आला नाही," मालक म्हणाले. "जिल्हा गेला, नकाशा मागून येईल."

सिनेमा, आणि धर्मशाळेतला अंधार

त्याच संध्याकाळी पहिला सिनेमा. हिंदी होता, मारामारीचा. मी पाच वर्षांत तीन सिनेमे पाहिलेला माणूस, अधाशासारखा बसलो. आमच्या वरोऱ्यात सिनेमा पाहताना लोक निदान गाण्याच्या वेळी गप्प बसतात. चांद्यात खाणीवरचे लोक गाण्यातच जास्त बोलतात, आणि बायका पोरांना दूध पाजता पाजता खलनायकाला नावानिशी शिव्या देतात. खुर्च्यांपुढे बाकडी आणि बाकड्यांपुढे जमीन. डोमाभाऊंनी थेट पुढचं बाकडं धरलं. मान मोडून पाहावं लागत होतं.

बाहेर आल्यावर विचारलं, "आवडला का?"

"लय मस्त. तोंडं केवढाले! सुपाएवढे. नाटकात असे तोंडं पाह्यजे."

मंगळवारी खानावळीत ज्वारीची भाकरी आली. मी कापूस-ज्वारीच्या मुलखातला, आनंदलो. डोमाभाऊ भाताचे. त्यांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे तुमच्याकडे रोज खाते?" आम्ही त्यावर बराच वेळ हसलो. त्या दिवशी छत्री दुरुस्त केली, पेट्रोमॅक्सची जाळी घेतली, खडूचे डबे घेतले, तोंडाला लावायचा सफेदा घेतला. कुंकवाच्या दुकानातून डोमाभाऊंनी राजाच्या गंधासाठी अष्टगंध पारखून घेतलं. दिवसभर मी तोंड उघडलं नाही. माणूस अष्टगंध हुंगत असताना सांगायचं कसं?

धर्मशाळेचा रखवालदार साडेआठला कंदील काढून नेई. मला तो अंधार बरा वाटला. समोरचा चेहरा दिसत नसला की अशी गोष्ट सांगणं सोपं जातं. मी खाटेवर उठून बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं. बैठक झाली ते, सगळ्यांच्या मनात तुमच्याबद्दल आदर आहे ते, पण वय कोणाला चुकलं नाही ते, राजा पुंडलिक करणार ते. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. शेवटी म्हटलं, "डोमाभाऊ, राग आला असेल तर बोला. पण बोला काहीतरी."

पलीकडून काहीच नाही. घोरणंही नाही.

सकाळी उठलो तर ते अंघोळ करून, टोपी घालून, माझ्यासाठी चहा आणि आलूबोंडे घेऊन आलेले. चेहरा नेहमीसारखा. "उठा जी, दुकान उघडलं असन. पुस्तक पाहाचं हाये अजून."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मला वाटलं, याला म्हणतात मोठेपणा. ऐकलं, गिळलं, आणि वर मलाच आलूबोंडे आणले. मला अगदी लाजिरवाणं झालं.

बुधवारी दुकानाकडे जाताना एक सायकलवाला मागून घंटी वाजवत आला. वाजवतच राहिला. डोमाभाऊ रस्त्याच्या मधून सरळ चालत होते. तो त्यांना धडकला, दोघेही पडले, सायकलवाल्याने "बहिरा आहेस का म्हाताऱ्या?" म्हणून जो सूर लावला तो सगळ्या गल्लीने ऐकला. डोमाभाऊ उठले, धोतर झटकलं आणि त्या माणसाची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. मला वाटलं, खेड्यातला माणूस, त्याला काय ठाऊक घंटी कशासाठी वाजवतात.

त्या दिवशी नाटक ठरलं. अकरा पुरुष, एक बाई. राजा शेवटपर्यंत जिवंत, कुठेही रडत नाही, आणि त्याची वाक्यं आखूड, ठसकेबाज. "हा बरोबर हाये," डोमाभाऊ म्हणाले. मालकांनी पुस्तक कागदात गुंडाळताना पहिल्यांदाच हसून विचारलं, "राजा तुम्हीच ना?" मी घाईघाईने दुसरीकडे बघितलं. डोमाभाऊ काय म्हणाले ते मी ऐकलं नाही.

तीनचा खेळ

गुरुवारी दुपारी तीनच्या खेळाला गेलो. मराठी चित्र होतं: सावत्र आई, हरवलेला मुलगा, सगळ्यांचं रडणं. थिएटर बायकांनी भरलं होतं. आम्ही पुन्हा पुढच्या बाकड्यावर. अर्धा सिनेमा झाला असेल, सावत्र आई कोठीघरात मोठ्या जावेशी भांडत होती, आणि आवाज गेला.

चित्र चालूच. तोंडं हलताहेत, हात नाचताहेत, शब्द नाही. दोन क्षण सगळे थांबले आणि मग जो गदारोळ सुरू झाला! शिट्ट्या, पाय आपटणं, "आवाज! आवाज!" मीही ओरडलो, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात माझ्या शेजारी डोमाभाऊ खदखदून हसले. पडद्याकडे बघून. मग माझ्याकडे वळले, आजूबाजूला पाहिलं, आणि गोंधळून विचारलं, "लोकं काऊन बोंबलून राह्यले जी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. पडद्यावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता.

"तुम्ही का हसलात?" मी विचारलं.

"थे मोठी जाऊ म्हणते ना, तुह्या हाताले देवानं बोटं देल्ले का चमचे."

पलीकडे एक बाई पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिने हे ऐकलं. "अन् आता काय म्हणून राह्यली जी बाबा?" तिने पुढे वाकून विचारलं. डोमाभाऊ तिच्याकडे नव्हे, पडद्याकडे बघत होते. मी त्यांच्या हाताला स्पर्श केला आणि तिचा प्रश्न पुन्हा विचारला. ते सांगायला लागले. आधी हळू. मग मागच्या बाकड्यावरच्या बायका गप्प झाल्या, मग खाणीवरचे चार जण पुढे येऊन जमिनीवर बसले, आणि डोमाभाऊंचा आवाज मोकळा झाला. सावत्र आई बोलली की तिचा आवाज, मुलगा बोलला की मुलाचा. पडद्यावर कोणी पाठ फिरवून उभं असलं की म्हणायचे, "पाठ हाये, दिसत नाई," आणि लोक हसायचे. दहा मिनिटं असं चाललं. आवाज परत आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "राहू द्या, हाच बरा होता."

सिनेमाचा शेवट मला आठवत नाही. मला माझं गळपट्टं आठवत होतं.

गेल्या वर्षी नाटकाच्या दिवशी माझी दाढ ठणकत होती आणि थंडी मी म्हणत होती. मी विंगेत उभा होतो तो नाकापासून हनुवटीपर्यंत लोकरी गळपट्टं गुंडाळून. राजाचं सिंहासन डोमाभाऊ नेहमी तिरपं ठेवायला लावत, अगदी माझ्या विंगेसमोर. आम्ही सगळे त्याला राजाचा नखरा म्हणायचो. तिसऱ्या अंकात ते माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि मी त्या गळपट्ट्याच्या आडून ओरडत होतो.

परकोटाजवळ

आम्ही झरपट नदीकडे चालत गेलो. भिंतीच्या एका पडक्या भागावर ऊन होतं, तिथे बसलो. मी मुद्दाम समोर बसलो.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

त्यांनी वेड पांघरलं नाही. "चार. हिवताप आला होता. कुनैन खाल्लं. ताप गेला, अन् कान घेऊन गेला." मग म्हणाले, "घरी मालूम हाये. दुसऱ्या कोणाले नाई. बहिऱ्याले राजा कोण करन?"

मी गळपट्ट्याचं सांगितलं. दाढेचं सांगितलं. चूक माझी होती आणि हसू त्यांचं झालं, हे सांगताना माझा आवाज फुटला. तो त्यांना ऐकू जात नव्हता, पण चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "मले वाटलं तुम्ही मुद्दाम बांधलं. वाटलं, गुरुजीले माह्या राजा नको हाये."

"मुद्दाम? मी कशाला..."

"बैठकीत तुम्ही बोल्ले ना."

"बैठकीत? तुम्ही तर विहिरीजवळ होता."

"बाकीच्यांच्या पाठी होत्या माह्याकडे," डोमाभाऊ म्हणाले. "तुमचंच तोंड दिसत होतं. तुम्ही म्हटलं, डोमाजीचं आता संपलं. मीच समजावून सांगतो, म्हटलं. मी दोर वळत होतो. दोर वळताना हात थांबवला त पीळ सुटते, म्हणून वळतच राह्यलो."

हो, मी तेच म्हणालो होतो. अगदी त्याच शब्दांत. चाळीस पावलांवर बसवण्याचा आमचा तो सभ्य रिवाज, आणि त्या माणसाने माझं प्रत्येक अक्षर टिपलेलं. आयुष्यात मी पुष्कळदा ओशाळलो आहे, पण इतका नाही.

"म्हणजे तुम्हांला निघतानाच ठाऊक होतं? मग आलात कशाला माझ्याबरोबर?"

"पुस्तक निवडाले." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्हाले राजाचं काय समजते जी? तुम्ही विंगेतले. पुंडलिकाचा दम छोटा हाये. लांब बोलला का शब्द गिळते. त्याले लांबलचक राजा देला त तो पण पडन, अन् लोक हासन. गावाचं नाटक दोनदा पडलं त मंडळी तुटून जाते. म्हणून आखूड बोलणारा राजा पाह्यला."

तीन दिवस मी ज्याला त्यांचा भाबडेपणा समजत होतो, ते हे होतं. नदीवर बायका कपडे धूत होत्या.

"मंगळवारी अंधारात तुम्ही काई बोल्ले काय?" त्यांनी एकदम विचारलं.

"का?"

"तुमची खाट लय हालून राह्यली होती."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, बोललो होतो, पण ते परत घेतो. गावात गेल्यावर बैठक बोलावतो आणि गळपट्ट्याचं सांगतो. डोमाभाऊंनी माझं मनगट धरलं. "गळपट्ट्याचं सांगा. कानाचं नाई."

मी शब्द दिला.

दाढ

शुक्रवारी महाकालीचं दर्शन घेतलं. शनिवारी शेवटची खरेदी. खुशालची शिवणयंत्राची सुई, शाळेसाठी शाईची बाटली, आणि मला हवा होता तो आणखी एक सिनेमा. पण डोमाभाऊंनी मला बाजारातल्या एका दाताच्या डॉक्टरसमोर नेऊन उभं केलं. मी म्हटलं, आत्ता कुठे दुखतेय? ते म्हणाले, "पौषात दुखन."

डॉक्टर तरुण होता, हात मात्र लोहाराचा. डोमाभाऊंनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी किती ओरडलो ते त्यांना कळलं नाही, ही त्यातली एक सोय. डॉक्टरने दाढ कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि थंडीपासून जपा, तोंड झाकून घ्या, म्हणून सांगितलं. डोमाभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होते. "झाकणार नाई," त्यांनी माझ्या वतीने सांगितलं.

परतीच्या गाडीत खिडकीची काच फुटलेली होती. गाल सुजलेला, वारा बोचरा, आणि गळपट्टं मांडीवर. समोर डोमाभाऊ. मूलपर्यंत आम्ही नव्या नाटकाबद्दल बोलत गेलो.

गाव

मंगळवारी सकाळी शाळेच्या अंगणात बैठक भरली. रिवाजाप्रमाणे डोमाभाऊ विहिरीजवळ, दोर वळत. या वेळी मी स्वतःची जागा नीट पाहून घेतली. सगळ्यांच्या पाठी विहिरीकडे, माझं तोंड विहिरीकडे.

मी सांगितलं. दाढ दुखत होती, तोंड गुंडाळलेलं होतं, राजाला माझं वाक्य पोचलंच नाही. आठवण त्यांची गेली नव्हती, अक्कल माझी गेली होती. पुराव्याला दाढ काढून ठेवली. सोमा पाटलांनी ती उलटसुलट करून पाहिली. "एवढ्या दाढेसाठी नाटक पाडलं तुम्ही गुरुजी?" ते म्हणाले, आणि लोक मला हसले. गेल्या वर्षीचं सगळं हसू त्या सकाळी मी अंगावर घेतलं आणि मला ते बरं वाटलं.

मग पाटलांनी पुंडलिकाकडे पाहिलं. तो पंचविशीचा, लाजाळू गडी आहे. त्याने नवं पुस्तक हातात घेऊन राजाची वाक्यं मनात वाचून पाहिली होती. "करता येते मले," तो म्हणाला. "सोपा हाये. पण राजा डोमाभाऊच. मी पुढच्या साली त्याहीच्याकडूनच शिकतो, मंग करतो."

"मंग ठरलं," पाटील म्हणाले. "बलवा त्याले, सांगू."

"थांबा," मी म्हटलं. मी विहिरीकडे बघितलं. डोमाभाऊंचे हात चालू होते, पण मान वर होती. मी आवाज न काढता, फक्त ओठांनी, सावकाश म्हटलं: राजा तुम्हीच.

त्यांचे हात थांबले. दोराचा पीळ सुटून तो त्यांच्या पायांवर गरगर फिरला. मग ते उठले, आणि अठरा वर्षं पंधरा गावांनी ऐकलेल्या त्या आवाजात ओरडले, "सिंहासन तिरपं ठेवाले सांगा!"

सगळे दचकून मागे वळले. "आँ? याले कोणी सांगितलं?" सोमा पाटील म्हणाले.

"अंदाज असेल," मी म्हटलं.

हे लिहिण्याआधी डोमाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "लिवा. आपल्या गावात वाचते कोण?" शंकरपट दहा दिवसांवर आला आहे. थंडी यंदाही तशीच आहे, आणि गळपट्टं मी शाळेच्या घंटेला बांधून ठेवलं आहे.